मेल परत आला? डिलीट करण्याआधी ते तीन आकडे वाचा

मूलवरून बोलतोय. आजचा भाग जरा टेक्निकल आहे, पण घाबरू नका. हेडफोन लावा, आणि जमलं तर एक कागद-पेन घ्या, कारण शेवटी चार-पाच आकडे लिहून घ्यावे लागतील.

तुमच्यापैकी जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी एक विचित्र मेल आलेला असतो. पाठवणाऱ्याचं नाव ‘मेल डिलिव्हरी सबसिस्टम’ किंवा ‘मेलर डीमन’. आत लांबलचक इंग्रजी, मध्येच आकडे, ठिपके. आपण काय करतो? ‘काहीतरी एरर आला’ म्हणतो, डिलीट करतो आणि तोच मेल पुन्हा पाठवतो. तो पुन्हा परत येतो. मग संध्याकाळी कोणत्या तरी ग्रुपवर विचारतो, ‘भाऊ, अमुक ऑफिसचा मेल चालू आहे का?’

आपल्या भागात हा प्रश्न गमतीचा नाही. मूल, सावली, सिंदेवाही, पोंभुर्णा इथल्या मुलामुलींचं कॉलेज असो, कंपनी असो की मुलाखतीचं पत्र, बरंचसं काम मेलवर चालतं. चूक निघाली तर दहा मिनिटांत रिक्षा करून ऑफिसात जाऊन विचारता येत नाही. चंद्रपूरला जायचं म्हणजे दिवस जातो, गडचिरोलीच्या आतल्या गावांतून तर त्याहून जास्त. म्हणून ते परत आलेलं पत्र नीट वाचता आलं पाहिजे. आज सांगायचं आहे ते एकच: त्या मेलमधला तीन आकडी कोड म्हणजे पावती आहे. तुमचं पत्र या क्षणी कोणाच्या ताब्यात आहे, आणि पुढची जबाबदारी कोणाची, हे ती पावती सांगते.

पत्र जातं कुठून कुठे

आधी रस्ता समजून घेऊ. तुम्ही मूलमध्ये बसून जीमेल ॲपमध्ये ‘सेंड’ दाबलं. पहिला टप्पा म्हणजे तुमचा फोन ते गूगलचा सर्व्हर. हा टप्पा तुमच्या नेटवर्कवर चालतो. चंद्रपूर रस्त्यावर जंगलात रेंज गेली की मेल ‘आउटबॉक्स’मध्ये अडकतो. तिथे अडकला म्हणजे तो अजून तुमच्याच खिशात आहे.

रेंज आली, मेल ‘सेंट’मध्ये गेला. आता दुसरा टप्पा: गूगलचा सर्व्हर ते समोरच्या कॉलेजचा किंवा कंपनीचा सर्व्हर. इथे तुमच्या रेंजचा संबंध संपला. फोन बंद केला तरी फरक पडत नाही. आता दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात, आणि त्यांच्या बोलण्याची पद्धत ठरलेली आहे. तिचं नाव एसएमटीपी. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात ती लिहून काढली. आज जी आवृत्ती बहुतेक जण प्रमाण धरतात ती आरएफसी ५३२१, म्हणजे २००८ ची, जॉन क्लेन्सिन यांनी संपादित केलेली. ‘आरएफसी’ म्हणजे इंटरनेटचे नियम जिथे लिहिलेले असतात ते कागद. कोणीही फुकट वाचू शकतो.

दोघांचं बोलणं मराठीत ऐकवायचं झालं तर असं:

समोरचा सर्व्हर म्हणतो, ‘२२०. मी तयार आहे.’
गूगल म्हणतं, ‘ईहेलो. मी अमुक सर्व्हर.’
‘२५०. या. मला या या गोष्टी जमतात.’
‘पाठवणारा हा.’
‘२५०. ठीक.’
‘घेणारा हा.’
‘२५०. ठीक.’
‘आता पत्र देतो.’
‘३५४. द्या. संपलं की एका ओळीत फक्त एक टिंब द्या.’
मग अख्खं पत्र जातं, आणि शेवटी एकटं टिंब.
‘२५०. घेतलं.’

हा जो शेवटचा २५० आहे ना, तो सगळ्यात महत्त्वाचा. नियम सांगतो की टिंबानंतर २५० म्हटलं की पत्राची जबाबदारी घेणाऱ्या सर्व्हरवर आली. त्याने ते पोचवायचं, किंवा पोचवता आलं नाही तर पाठवणाऱ्याला कळवायचं. नंतर मशीन बंद पडलं, डिस्क भरली, ही कारणं चालत नाहीत. घरातल्या मोठ्यांना विचारा, रजिस्टर पत्राची पोष्टातली पावती ते किती जपून ठेवायचे. तशीच ही पावती.

नियम इतके सोशिक का आहेत

हे नियम आजच्या फायबरच्या जमान्यात बनलेले नाहीत. भारतातलंच बघा. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अर्नेट प्रकल्पात जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोन लाइनवरून मेलची देवाणघेवाण सुरू झाली. त्या कामात पुढे असलेले एनसीएसटीचे श्रीनिवासन रमणी यांचा २०१४ मध्ये ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. म्हणजे आपल्या देशाच्या मेलचं एक दार मुंबईत उघडलं. लाइन मध्येच कटणार, पलीकडचं मशीन बंद असणार, हे तेव्हा सगळीकडेच गृहीत होतं.

म्हणून एसएमटीपीच्या नियमात धीर धरायला सांगितलंय. पत्र संपल्याचं टिंब दिल्यावर समोरच्या उत्तराची दहा मिनिटं वाट बघा. एकदा जमलं नाही तर साधारण अर्धा तास तरी थांबून पुन्हा प्रयत्न करा. आणि हार मानायची तर निदान चार-पाच दिवस प्रयत्न करून मग माना. आपल्याकडे वादळात लाइट गेली, ऑफिसचा सर्व्हर दोन दिवस बंद राहिला, तरी तुमचं पत्र हरवू नये, याची सोय १९८० च्या दशकापासून कागदावर आहे. सर्व्हर नियमाने चालत असेल तर.

पहिला आकडा: आता करायचं काय

आता कोड वाचू. तीन आकड्यांतला पहिला आकडा सगळ्यात जास्त बोलतो.

दोनने सुरू झाला, काम झालं. तीनने सुरू झाला, ‘पुढचं द्या’. हे दोन तुम्हाला सहसा दिसत नाहीत.

चारने सुरू झाला, तर अडचण तात्पुरती आहे. पाठवणारा सर्व्हर पत्र स्वतःच्या रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. म्हणजे पत्र अजून गूगलकडे आहे. तुम्हाला कधी कधी ‘डिले’ असा मेल येतो, तो हाच. त्या वेळी तोच मेल परत परत पाठवू नका. एक पोचायचा तिथे पाच पोचतील, आणि समोरचा वैतागेल.

पाचने सुरू झाला, तर समोरच्याने नकार दिला. पत्र घेतलंच नाही. कारण दूर केल्याशिवाय पुन्हा पाठवून उपयोग नाही. आता गोष्ट तुमच्याकडे परत आली.

एवढं कळलं तरी अर्धं काम झालं. चार म्हणजे थांबा, पाच म्हणजे काहीतरी बदला.

ठिपकेवाला आकडा: कारण काय

त्या तीन आकड्यांच्या शेजारी बहुतेक वेळा दुसरा एक आकडा असतो, मध्ये ठिपके असलेला. उदाहरणार्थ ५.१.१. हा सविस्तर कोड आरएफसी ३४६३ मध्ये आहे. यातला मधला आकडा विषय सांगतो: एक म्हणजे पत्ता, दोन म्हणजे समोरची पेटी, तीन म्हणजे समोरची मेल यंत्रणा, चार म्हणजे नेटवर्क, सहा म्हणजे मजकुराचा प्रकार, सात म्हणजे सुरक्षा आणि धोरण. नेहमी भेटणारे पाच सांगतो. लिहून घ्या.

पहिला, ५५० ५.१.१. या नावाची पेटी इथे नाही. बहुतेक वेळा स्पेलिंग चुकलेलं असतं. जाहिरातीच्या फोटोवरून पत्ता टाइप करताना इंग्रजी एल आणि एक हा आकडा, किंवा ओ आणि शून्य, यांची गल्लत होते. पत्ता कॉपी करा, डोळ्यांनी वाचून टाइप करू नका. आणि कॉपी करताना मागे एखादी स्पेस किंवा पूर्णविराम चिकटला नाही ना, ते बघा.

दुसरा, ४५२ ४.२.२ किंवा ५५२ ५.२.२. समोरची पेटी भरली. आणि इथे उलटं बघा: ही पेटी तुमची पण असू शकते. जीमेलची फुकट जागा १५ जीबी, पण ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत वाटलेली. जून २०२१ पासून फोटोही त्यात मोजले जातात, आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही आता त्यातच जातो. लग्नाचे व्हिडिओ बॅकअपमध्ये गेले, जागा भरली, आणि मुलाखतीचं पत्र पाठवणाऱ्याकडे परत गेलं. तुम्हाला काही कळतच नाही, कारण नकाराची पावती त्याला मिळते, तुम्हाला नाही. म्हणून नोकरीचे अर्ज भरण्याच्या दिवसांत आधी स्टोरेज बघा.

तिसरा, ५५२ ५.३.४. पत्र फार मोठं. जीमेलची पाठवायची मर्यादा २५ एमबी आहे, पण समोरच्या ऑफिसची १० एमबी असू शकते. शिवाय एक गंमत आहे. फाइल मेलमध्ये जाताना अक्षरांच्या रूपात बदलते, आणि दर तीन बाइटचे चार होतात. म्हणजे तुमची ८ एमबीची पीडीएफ वाटेत जवळपास ११ होते. जातीचा दाखला, डोमिसाइल, गुणपत्रिका हे मोबाइलच्या कॅमेऱ्याने फुल साइजमध्ये स्कॅन करून एकाच मेलला जोडू नका. स्कॅनिंग ॲपमध्ये साइज कमी करा, वाचता येईल एवढं ठेवा.

चौथा, ४५० किंवा ४५१, शेजारी बऱ्याचदा ४.७.१. ‘आत्ता नाही, नंतर या.’ याचं एक नेहमीचं कारण म्हणजे ग्रेलिस्टिंग. अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा मुद्दाम परत पाठवायचं. खरा सर्व्हर नियमाप्रमाणे थोड्या वेळाने परत येतो, स्पॅमवाले बऱ्याचदा येत नाहीत. कल्पना चांगली आहे, पण ओटीपी मेलवर येणार असेल तर पंचाईत. ओटीपीची मुदत दहा मिनिटं आणि परत येण्याचा वेळ अर्धा तास! कॉलेजच्या मेलवर ओटीपी मागवला आणि तो मेला मेल उशिरा आला, तर बटण दाबत राहू नका. शेवटच्या ओटीपीने आधीचे रद्द होतात आणि येतात मात्र सगळे उशिरा.

पाचवा, ५५० ५.७.१ किंवा जीमेलचा ५५० ५.७.२६. ‘तुम्ही जे म्हणता ते तुम्हीच आहात, हे सिद्ध होत नाही.’ या पाचव्यावर जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो.

‘आमच्याकडून तर गेला’

ॲडमिशनच्या दिवसांतली गोष्ट. जिल्ह्यातली एक संस्था, नाव नको. वेबसाइटवर फॉर्म भरला की मुलांना ‘अर्ज मिळाला, या तारखेला कागदपत्रं घेऊन या’ असा मेल जायचा. काही मुलांना तो आलाच नाही. ऑफिसात विचारलं तर उत्तर, ‘आमच्याकडून गेला, इथे सक्सेस दाखवतोय.’ मुलं म्हणतात, आला नाही. स्पॅममध्येही नाही. दोघंही खरं बोलत होते.

मला बघायला सांगितलं तेव्हा मी आधी कोड वाचायला घेतला, मग लॉग. काय चाललं होतं ते असं. वेबसाइटचा प्रोग्राम मेल तयार करून होस्टिंगच्याच मशीनवरच्या मेल सर्व्हरला द्यायचा. त्या सर्व्हरने ‘घेतलं’ म्हटलं की प्रोग्राम स्क्रीनवर ‘सक्सेस’ लिहायचा. म्हणजे पत्र घराच्या दारातल्या पेटीत टाकलं, एवढंच ते ‘सक्सेस’. पुढे तो सर्व्हर जीमेलकडे जायचा, आणि जीमेल ५५० ५.७.२६ म्हणून नकार द्यायचं. नियमाप्रमाणे नकाराचं पत्र पाठवणाऱ्याकडे परत यायचं. येतही होतं. पण ते होस्टिंगच्या अशा एका पेटीत जमत होतं जी कोणी कधी उघडलीच नव्हती. पोस्टमन रोज पत्र परत आणून देतोय आणि घरातले त्या दाराकडे फिरकत नाहीत, असा प्रकार.

जीमेल नकार का देत होतं? संस्थेच्या डोमेनवर एसपीएफ नावाची नोंद असते. ‘आमच्या नावाने मेल पाठवायचा अधिकार या या सर्व्हरना’ अशी यादी, डीएनएसमध्ये सगळ्यांना दिसेल अशी. संस्थेचे रोजचे मेल एका कंपनीकडून जायचे, वेबसाइट दुसऱ्या कंपनीकडे. पहिल्या यादीत दुसऱ्याचं नाव नव्हतं. मग कोणीतरी दुसऱ्या कंपनीचं मदतपान वाचून तिची स्वतंत्र एसपीएफ नोंद टाकली. झाल्या दोन नोंदी. आणि आरएफसी ७२०८ स्पष्ट सांगतो की एका डोमेनवर एसपीएफची एकच नोंद असावी. दोन असल्या तर तपासणारा कोणती खरी हे ठरवत बसत नाही, ती कायमची चूक धरतो. म्हणजे मदत करायला टाकलेल्या नोंदीने पहिलीसुद्धा निकामी केली.

दुरुस्ती साधी होती. दोन नोंदी एकत्र करून एक. यादीत आणखी याद्या जोडताना डीएनएसच्या दहाच्या वर चौकश्या लागत नाहीत ना, ते मोजायचं, कारण तीही मर्यादा त्याच नियमात आहे. मग डीकिम चालू केलं. ते म्हणजे प्रत्येक पत्रावर सर्व्हरची डिजिटल सही, वाटेत मजकूर बदलला तर जुळत नाही. आणि डीमार्कची नोंद, आधी फक्त ‘निरीक्षण करा’ या पातळीवर. डीमार्क बघतं की लिफाफ्यावरचं किंवा सहीतलं डोमेन आणि आतल्या कागदावर ‘प्रेषक’ म्हणून लिहिलेलं डोमेन जुळतं का. शेवटी नकाराची पत्रं ऑफिसात रोज उघडल्या जाणाऱ्या पेटीत येतील अशी व्यवस्था केली. मेल जायला लागले. ज्या मुलांचे राहिले होते त्यांना फोन करावे लागले, आणि ते काम ऑफिसातल्या मॅडमनी एका दुपारी पूर्ण केलं.

हे फक्त मोठ्या कंपन्यांसाठी आहे असं समजू नका. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलचा नियम आहे की जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकिम, दोन्हींपैकी एक तरी हवंच. दिवसाला पाच हजारांवर पाठवणाऱ्याकडे दोन्ही आणि डीमार्कही हवं. गावातल्या पतसंस्थेची वेबसाइट असो की तुमच्या मित्राने बनवलेलं बुकिंगचं पान, सुटका नाही.

खोटं बोलणारे सर्व्हर

आता नियम पाळणं म्हणजे नक्की काय, आणि मोडला तर भोगतं कोण, ते बघू.

समजा एका सर्व्हरची डिस्क भरली. नियमाने त्याने चारचा कोड द्यायचा, म्हणजे पाठवणारा थांबेल आणि पुन्हा येईल. पण सेटिंग चुकीची, आणि तो म्हणतो ५५०, असा माणूसच नाही. पाठवणारी यंत्रणा ते खरं मानते आणि तुमचा पत्ता यादीतून कायमचा काढते. दुसऱ्या दिवशी डिस्क रिकामी झाली, सर्व्हर ठणठणीत. तुम्हाला मात्र त्या कंपनीचा मेल पुन्हा कधी येणार नाही. एका आकड्याचा फरक, चारच्या जागी पाच.

याच्या उलटही होतं. पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला छोटा प्रोग्राम असतो, त्यात रांगच नसते. समोरून ‘नंतर या’ म्हणून ४५१ आला की तो पत्र टाकून देतो. ग्रेलिस्टिंग करणारा नियमात आहे, पुन्हा न येणारा नियमाबाहेर आहे. मुलगा मात्र ओटीपीची वाट बघत बसलेला. म्हणून वेबसाइट बनवणाऱ्या मित्रांना सांगणं आहे, मेल पाठवायचा प्रोग्राम स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नका. पोस्टफिक्स किंवा एक्झिमसारखा, रांग सांभाळणारा सर्व्हर पुढे ठेवा.

आणि सगळ्यात वाईट तो सर्व्हर जो २५० म्हणतो, पत्र घेतो, आणि गुपचूप फेकून देतो. नाकारायचं असेल तर तोंडावर नाकारा, पाचचा कोड द्या, म्हणजे पाठवणाऱ्याला कळेल. पावती देऊन पत्र फेकणं म्हणजे दोन्हीकडून माणूस अंधारात.

मग प्रश्न येतो, नियम किती कडक पाळायचा? जॉन पोस्टेल यांचंच एक जुनं तत्त्व प्रसिद्ध आहे: आपण पाठवताना काटेकोर राहावं, दुसऱ्याचं घेताना सैल राहावं. इंटरनेट वाढलं ते बऱ्याच अंशी या सैलपणामुळे. पण त्याचीही किंमत आहे. मघाशी ते एकट्या टिंबाचं सांगितलं ना, आठवा. नियमात ओळ संपवायला दोन अदृश्य चिन्हं ठरलेली आहेत, एकापाठोपाठ एक. काही सर्व्हर सैलपणाने एकाच चिन्हावरही ‘ओळ संपली’ मानायचे. डिसेंबर २०२३ मध्ये एसईसी कन्सल्टच्या टिमो लाँगिन यांनी दाखवून दिलं की एक सर्व्हर कडक आणि दुसरा सैल असेल, तर एका पत्राच्या पोटात दुसरं पत्र लपवता येतं. पहिल्याला ते साधा मजकूर वाटतं, दुसऱ्याला वाटतं पहिलं पत्र संपलं आणि नवीन सुरू झालं. त्या नवीन पत्रावर पाठवणारा म्हणून हवं ते नाव घालता येतं. एसपीएफची तपासणीही फसते, कारण ते खऱ्या सर्व्हरवरूनच आलेलं असतं. या हल्ल्याला एसएमटीपी स्मगलिंग नाव पडलं. पोस्टफिक्स, एक्झिम, सेंडमेल या सगळ्यांना बदल करावे लागले. एवढ्याशा टिंबाबद्दल दोन सर्व्हरचं एकमत नाही, आणि त्यातून बँकेच्या नावाचा खोटा मेल तयार होऊ शकतो. सर्व्हर सांभाळत असाल तर अपडेट टाळू नका, ते यासाठी.

मराठी पत्त्याचं काय?

आता आपला विषय. मेलचा पत्ता मराठीत का नसावा? असू शकतो. २०१२ च्या आरएफसी ६५३१ ने एसएमटीपीला तशी परवानगी दिली. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीत ‘.भारत’ हे डोमेन सुरू झालं, आणि त्याच महिन्यात जीमेलनेही असे पत्ते ओळखायला सुरुवात केली. २०१६ मध्ये जयपूरच्या एका कंपनीने डेटामेल नावाने भारतीय भाषांतले पत्ते द्यायला सुरुवात केली.

मग दिसत का नाहीत? कारण दोन्हीकडचे सर्व्हर तयार हवेत. सुरुवातीच्या ‘ईहेलो’ला उत्तर देताना सर्व्हर मला काय काय जमतं ते सांगतो. त्यात एसएमटीपीयूटीएफ८ नसेल, तर पाठवणाऱ्याने देवनागरी पत्ता तिथे द्यायचा नाही. नकार येतो तो ५.६.७ चा, म्हणजे असा पत्ता इथे चालत नाही. आणि त्याच्याही आधी वेबसाइटचे फॉर्मच मराठी अक्षर दिसलं की लाल होतात, गोष्ट सर्व्हरपर्यंत जातच नाही.

त्यात आपल्या मराठीची एक खास गोची आहे. ‘वऱ्हाड’ लिहून बघा. त्यातला ‘ऱ’ कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एक अख्खं अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता अशा दोन तुकड्यांत. डोळ्यांना सारखंच दिसतं, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. एका फोनच्या कीबोर्डने एक लिहिलं, सर्व्हरवर दुसरं नोंदलेलं असेल, तर उत्तर येणार ५५० ५.१.१, पेटी नाही! म्हणून आरएफसी ६५३२ सुचवतो की मजकूर आधी एका ठरलेल्या रूपात आणावा, त्याला एनएफसी म्हणतात. हे काम करणारे लोक आपल्यातूनच तयार व्हायला हवेत. ज्याला ‘वऱ्हाड’ लिहावं लागत नाही, त्याला हा बग दिसणारच नाही.

मग आपण काय करायचं

आता कागदावर शेवटची यादी.

एक. परत आलेला मेल डिलीट करू नका. त्यातला पहिला आकडा शोधा. चार असेल तर दोन दिवस थांबा, आणि मुदत जवळ असेल तर दुसऱ्या मार्गाने कळवा. पाच असेल तर ठिपकेवाला आकडा वाचून कारण दूर करा.

दोन. ऑफिसला फोन करताना ‘मेल जात नाही’ एवढंच म्हणू नका. ‘साहेब, अमुक तारखेला इतक्या वाजता पाठवला, तुमच्या सर्व्हरने ५५२ ५.२.२ दिलाय, पेटी भरली आहे’ असं सांगा. हे वाक्य त्यांच्या आयटीवाल्यापर्यंत पोचलं की काम पाच मिनिटांचं असतं.

तीन. महत्त्वाच्या अर्जाचा पाठवलेला मेल आणि नकाराचं पत्र दोन्ही जपा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १३ मध्ये सांगितलंय की, दोघांत वेगळं काही ठरलेलं नसेल तर, इलेक्ट्रॉनिक नोंद पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या यंत्रणेत शिरली की ती पाठवली असं धरायचं. आणि समोरच्याने ठरावीक पत्ता दिला असेल तर ती त्या यंत्रणेत शिरली की मिळाली असं धरायचं. मी वकील नाही, प्रत्येक प्रकरणात काय होईल ते सांगू शकत नाही. पण बघा, मघापासून आपण २५० बद्दल जे बोलतोय त्याच्याशी हे किती जुळतं. पत्र कोणाच्या ताब्यात गेलं, कधी गेलं, हा प्रश्न दोन्हीकडे आहे.

चार. मेल आला पण उशिरा आला, तर उशीर कुठे झाला ते दिसतं. ब्राउझरमध्ये जीमेल डेस्कटॉप साइटवर उघडा, मेलच्या मेन्यूत ‘शो ओरिजिनल’ दाबा. प्रत्येक सर्व्हर वर एक ‘रिसीव्ह्ड’ ओळ जोडतो, वेळेसकट. खालून वर वाचत या. ज्या दोन ओळींत वेळेचं मोठं अंतर, तिथे पत्र अडकलं होतं.

पाच. कोणाची वेबसाइट बनवून देत असाल, तर पैसे घेण्याआधी एसपीएफ एकच आहे का, डीकिम चालू आहे का, आणि परत येणारी पत्रं कोणत्या पेटीत पडतात, हे तीन प्रश्न विचारा. तिसरा कोणी विचारत नाही, आणि मुलांचं नुकसान तिथेच होतं.

एवढंच आज. तुमच्याकडे परत आलेला, न समजलेला कोड असेल तर नाव आणि पत्ता झाकून स्क्रीनशॉट पाठवा. चांगले चार-पाच निवडून पुढच्या एखाद्या भागात एकेक सोडवू. आणि हा भाग त्या मित्राला नक्की पाठवा ज्याची सध्या भरतीची धावपळ चालू आहे. त्याला सांगा, आधी स्टोरेज बघ.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.